अंघोळीचे पाणी आणि बाळ: एका इंग्रजी म्हणीचा जर्मन इतिहास

१/ 'डोन्ट थ्रो द बेबी आउट विथ द बाथवॉटर.' अंघोळीचे पाणी फेकताना बाळही फेकून देऊ नका. नकोसे ते टाकण्याच्या घाईत मोलाचे गमावू नये, हा या म्हणीचा अर्थ. आपली 'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही तिची दूरची नातलग. मात्र आपली म्हण घडलेल्या अनर्थाबद्दल हळहळते. ही आधीच सावध करते.

२/ या म्हणीविषयी एक कथा समाजमाध्यमांवर नेहमी फिरते. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये म्हणे सारे कुटुंब एकाच टबात पाळीपाळीने न्हात असे आणि बाळाची पाळी येईपर्यंत पाणी इतके गढूळ होई की त्यात बाळ दिसेनासे होई! १९९९ च्या सुमारास ई-मेलमधून पसरलेल्या एका गमतीदार मजकुरातली ही कथा आहे. तिला ऐतिहासिक आधार नाही. मुळात ही म्हण इंग्लंडची नव्हेच.

३/ तिचा सर्वांत जुना ज्ञात लेखी आढळ जर्मन भाषेतला आहे. थॉमस मुर्नर या फ्रान्सिस्कन संन्याशाने १५१२ मध्ये 'नारेनबेश्वेरुंग' हे मूर्खांची खिल्ली उडवणारे उपहासकाव्य प्रसिद्ध केले. त्यातील एका काष्ठचित्रात एक स्त्री टब उपडा करताना दिसते आणि पाण्याबरोबर मूलही बाहेर पडते आहे.

४/ पुढे १६१० मध्ये योहानेस केप्लरने 'टर्टियस इंटरव्हेनियन्स' या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच ही म्हण वापरली. ताऱ्यांवरून भविष्य सांगणाऱ्यांच्या अंधश्रद्धा खुशाल नाकारा, पण पाण्याबरोबर मूल फेकू नका, असे त्याने धर्मशास्त्री, वैद्य व तत्त्वज्ञांना बजावले. ग्रहांच्या कक्षांचे नियम मांडणारा हा गणिती फलज्योतिषातील काही गाभा खरा मानत होता.

५/ इंग्रजीत ही म्हण आणली ती जर्मन साहित्याचा व्यासंगी थॉमस कार्लाइल याने, आणि तीही एका अस्वस्थ करणाऱ्या संदर्भात. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ मध्ये संमत झाला होता. १८४९ मध्ये 'फ्रेझर्स मॅगझिन'मध्ये प्रथम छापलेल्या निबंधात कार्लाइलने वेस्ट इंडीजमधील मुक्त कृष्णवर्णीयांना सक्तीने कामाला लावावे, असे प्रतिपादन केले. गुलामगिरीतील गैरप्रकार काढावेत, परंतु तिच्यातील 'मोलाची गोष्ट' जपावी, हा त्याचा युक्तिवाद होता. जर्मनांची ही म्हण त्याने त्याच युक्तिवादासाठी वापरली.

६/ जानेवारी १८५० मध्ये त्याच मासिकात जॉन स्टुअर्ट मिलने उत्तर दिले. काही माणसे जन्मतःच इतरांची स्वामी असतात, ही कल्पनाच त्याने फेटाळली. कार्लाइल ज्याला जपण्याजोगे मानत होता, त्यात मिलला जपण्याजोगे काहीच दिसत नव्हते.

७/ केप्लरच्या लेखी 'बाळ' म्हणजे ज्योतिषाचा गाभा. कार्लाइलच्या लेखी माणसाची ताबेदारी. म्हण तीच, इशारा तोच. टबातले पाणी कोणते आणि बाळ कोणते, हे मात्र म्हण सांगत नाही. ते बोलणारा ठरवतो.

८/ म्हणून एखादी जुनी प्रथा मोडण्याची वेळ आली आणि कोणी ही म्हण ऐकवली, तर प्रथम एवढेच विचारावे: आपण बाळ कशाला म्हणत आहात?