सर्व्हर गेला, डिस्क राहिली: ईबीएसची गोष्ट

आजचा एपिसोड एका अशा वस्तूबद्दल आहे, जी तुम्ही रोज वापरता पण कधी पाहिलेली नसते. तुम्ही ॲपवर जेवण मागवता, तिकीट काढता, तेव्हा ती नोंद कुठल्या तरी डेटाबेसमध्ये जाते, आणि तो डेटाबेस बऱ्याचदा एका ‘डिस्क’वर बसलेला असतो. ही डिस्क त्या कॉम्प्युटरच्या आत नसतेच. ती नेटवर्कच्या पलीकडे असते. क्लाउडवाले तिला ब्लॉक स्टोरेज म्हणतात.

ब्लॉक म्हणजे काय? डिस्कला फोटो, फाइल, फोल्डर काही कळत नाही. तिला फक्त नंबर दिलेले सारख्या मापाचे तुकडे कळतात. ‘अमुक नंबरचा तुकडा दे’, ‘तमुक नंबरवर हे लिही’, बस्स. बाकी सगळं ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळते.

आता चला २००६ मध्ये. ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने ईसीटू नावाची भाड्याच्या सर्व्हरची सेवा आणली. सर्व्हरसोबत डिस्क मिळायची, पण सर्व्हर बंद करून सोडून दिला की डिस्कवरचं सगळं गेलं. यावर डेटाबेस चालवायचा म्हणजे भाड्याच्या खोलीत सोनं ठेवण्यासारखं होतं. दोन वर्षांनी, २० ऑगस्ट २००८ ला, इलास्टिक ब्लॉक स्टोअर, म्हणजे ईबीएस, आलं. १ जीबीपासून १ टीबीपर्यंतचा व्हॉल्यूम घ्या, सर्व्हरला जोडा, सर्व्हर गेला तर दुसऱ्याला जोडा. भाव होता जीबीमागे महिन्याला १० सेंट, वर दर १० लाख वाचन-लेखनांना आणखी १० सेंट.

पण आत फिरत्याच डिस्क होत्या, आणि अशी एक डिस्क सेकंदाला जेमतेम शे-दोनशे फुटकळ कामं करते. तीच अनेक गिऱ्हाइकांत वाटलेली. शेजाऱ्याने मोठा रिपोर्ट चालवला की तुमचा डेटाबेस रांगेत उभा! २०१२ मध्ये ‘सेकंदाला इतकी कामं नक्की मिळतील’ असा प्रोव्हिजन्ड आयओपीएस प्रकार आला, तो या त्रासावरचा उपाय.

त्याआधी मात्र २१ एप्रिल २०११ उजाडला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रात्रीचे १२ वाजून ४७ मिनिटं, आपल्याकडे दुपारचा सव्वा वाजलेला. ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात नेटवर्कची क्षमता वाढवायचं नेहमीचं काम चालू होतं. त्यात ईबीएसची वाहतूक चुकून कमी क्षमतेच्या नेटवर्ककडे वळवली गेली. महामार्ग बंद करून ट्रक गल्लीत सोडले, असं समजा.

ईबीएस प्रत्येक व्हॉल्यूमची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवतं. नेटवर्क तुंबल्यावर मशीनना आपल्या प्रती दिसेनाशा झाल्या. नेटवर्क पूर्ववत झालं तेव्हा सगळ्यांनी एकदमच नवी प्रत करायला मोकळी जागा शोधायला सुरुवात केली. जागा संपली, तरी शोध थांबेना. त्या झोनमधले साधारण १३ टक्के व्हॉल्यूम अडकून पडले. रेडिट, क्वोरा, फोरस्क्वेअर आडवे झाले. दुरुस्तीला काही दिवस लागले, आणि शेवटी त्या झोनमधले ०.०७ टक्के व्हॉल्यूम परत मिळालेच नाहीत. आकडा छोटा वाटतो ना? ज्याचा व्हॉल्यूम त्यात होता त्याला विचारा.

मला या घटनेत खटकतं ते हे, की डेटा वाचवायला बनवलेल्या यंत्रणेनेच गर्दी केली. आणि त्या सगळ्या प्रती होत्या एकाच झोनमध्ये. प्रत आणि बॅकअप यांतला फरक तिथे उघडा पडला. बॅकअप म्हणजे स्नॅपशॉट. तो एस-थ्री या वेगळ्या साठ्यात जातो, आणि पहिल्यानंतर फक्त बदललेले ब्लॉक साठवतो, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहतो.

पण स्नॅपशॉटसुद्धा पुरेसा नाही, हे जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीला कळलं. ती लोकांचा सोर्स कोड सांभाळायची. हल्लेखोर थेट तिच्या ॲमेझॉन कंट्रोल पॅनेलमध्ये शिरला, पैसे मागितले, आणि कंपनी पासवर्ड बदलतेय हे दिसताच डिलीट करत सुटला. स्नॅपशॉट, एस-थ्रीतले साठे, मशीन इमेज, बरंच काही. साधारण १२ तासांत खेळ खलास, कंपनी बंद. बॅकअपची किल्ली आणि घराची किल्ली एकाच जुडग्यात होती. म्हणून आज बॅकअप वेगळ्या अकाउंटमध्ये, वेगळ्या परवानग्यांखाली ठेवायचा आग्रह असतो. एन्क्रिप्शन त्याच वर्षी आलं. ते हवंच, पण ज्याच्या हाती लॉगिन आहे त्याच्या डिलीट बटणापुढे ते काय करणार?

पैशांचं बोलू. २०१४ मध्येच एसएसडीवरचा जीपीटू प्रकार आला. त्यात वेग आकाराला बांधलेला, जीबीमागे ३ आयओपीएस. मग २० जीबीच्या डेटाबेससाठी लोक १००० जीबी घ्यायचे, कायमचे ३००० आयओपीएस मिळावेत म्हणून! डिसेंबर २०२० मध्ये जीपीथ्री आलं: आकार काहीही असो, ३००० आयओपीएस सोबतच, आणि जीबीचा दर २० टक्क्यांपर्यंत कमी. चालू सर्व्हरवर प्रकार बदलता येतो, पण तो आपणच बदलावा लागतो. ॲमेझॉन फोन करून सांगत नाही!

आता माझी फजिती. पहिल्या नोकरीत आम्ही रोज स्नॅपशॉट घ्यायचो आणि निवांत झोपायचो. एकदा गरज पडली, नवा व्हॉल्यूम दोन मिनिटांत तयार! टाळ्या. मग डेटाबेस सुरू केला तर साधी क्वेरी संपेना. का? स्नॅपशॉटमधून बनवलेला व्हॉल्यूम लगेच ‘तयार’ दिसतो, पण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचला की मगच एस-थ्रीतून खाली येतो. शेवटी आम्ही पूर्ण डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचून काढली आणि कस्टमरना तोवर ‘मेंटेनन्स चालू आहे’ची पाटी दाखवली. आणि त्या गोंधळात बनवलेले तीन जास्तीचे व्हॉल्यूम कुणालाच आठवले नाहीत. सर्व्हर बंद केले तरी नंतर जोडलेले व्हॉल्यूम आपोआप जात नाहीत. पुढचे पाच महिने त्यांचं भाडं भरलं, मग अकाउंट्सच्या ताईंनी विचारलं, “अरे, हे कशाचे पैसे जातायत?”