बसऱ्याचे बुणगे

'बाजारबुणगे' हा शब्द आपल्या भाषेत जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. पानिपताची हकीकत सांगताना तर तो हटकून येतो. सैन्याबरोबर बुणगे फार होते, त्यांनी धान्य संपवले आणि म्हणून घात झाला, असे लहानपणी आम्हीही ऐकले आणि खरे मानले. पुढे मजुरांच्या चळवळीत आयुष्य गेले. कोणत्याही कामाची गोष्ट कानावर आली की मस्टरवर नावे किती होती आणि मस्टरबाहेर माणसे किती राबली, हे विचारण्याची खोड जडली. पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, वाळवंटी मोहिमेबद्दल आज बोलायचे आहे ते या खोडीमुळेच.

आरंभ मात्र घरापासून करू. आपल्या जिल्ह्यात असई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. तोफा आणि संगिनी यांची वर्णने सर्वांना ठाऊक आहेत. पण या सेनापतीची पत्रे पाहिली तर त्याला घोर लागलेला दिसतो तो बैलांचा, तांदळाचा आणि धान्य वाहणाऱ्या लमाणांचा. दख्खनमध्ये लढाई पाठीवरच्या गोणीवर चालते, हे त्याने ओळखले होते. त्याचे नाव लावणारी एक पलटण, 104 वेलस्ली रायफल्स, पुढे 1914 साली मेसोपोटेमियात गेली. तिच्याबरोबर सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि तीत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : 103, 110 आणि 117. पलटणीला वेलस्लीचे नाव होते. त्याचा धडा मात्र सरकार विसरले होते.

नोव्हेंबर 1914 मध्ये फौज फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. इराणी आखाताच्या वरच्या टोकाशी अबादानला तेलाचा कारखाना होता, तो राखणे हा एक मुख्य हेतू. एप्रिल 1915 मध्ये बसऱ्याजवळ शैबाच्या वाळवंटात तीन दिवस लढाई झाली. त्या लढाईची एक गोष्ट सांगतात. तिसऱ्या दिवशी इंग्रज सेनापतीचा धीर सुटत आला होता. तेवढ्यात मागून खेचरांचा तांडा धूळ उडवीत आला. मृगजळात तो तुर्कांना प्रचंड कुमकेसारखा दिसला आणि ते मागे हटले. संगिनींचा हल्ला खोटा नव्हता, तेथे शिपाई पडलेच. तरी त्या खेचरांमागून चालणाऱ्यांना पदक मिळाल्याचे आमच्या वाचनात नाही.

विजयाने हाव वाढली. बसऱ्याहून बगदाद नदीमार्गाने सुमारे 500 मैल. रस्ता नाही, आगगाडी नाही, तैग्रिस नदी हीच सडक. त्या नदीत चालतील अशा उथळ बुडाच्या आगबोटी पुरेशा नव्हत्या. त्या मागवल्या होत्या, पण हिंदुस्थान सरकारचे काटकसरीचे धोरण आणि दिरंगाई आड आली. आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना हे चटकन कळेल : उत्पादन वाढवा असा वरून हुकूम, आणि हातगाड्या तेवढ्याच. जनरल टाउनशेंड पुढे गेला. 22 नोव्हेंबर 1915 रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे त्याची साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली.

जखमींना स्प्रिंग नसलेल्या, खडखडणाऱ्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणले आणि तेथून बोटींवर रचले. 'मेजिदिया' ही बोट बसऱ्यास लागली तेव्हा मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरला तिच्या बाजूंवरून दोर लोंबताना दिसले. जवळ गेल्यावर कळले की ते दोर नव्हते. हलताही न येणाऱ्या माणसांची सुकलेली विष्ठा होती. त्याने हे लिहून कळवले, तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. पुढे चौकशी आयोगापुढे त्याने साक्ष दिली. या एका माणसाबद्दल आम्हाला फार आदर वाटतो.

मागे हटलेली फौज कुट-अल-अमारा गावी अडकली. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत वेढा चालला. सोडवायला निघालेल्या फौजेचे सुमारे 23 हजार मृत, जखमी व बेपत्ता झाले. कधी चिखलाने अडवले, कधी तुर्कांच्या खंदकांनी. आत घोडे व खेचरे मारून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले. जातीची भीती होती, गावी गेल्यावर काय सांगावे हा प्रश्न होता. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीच्या तारा आणवाव्या लागल्या. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली. 270 टन अन्न घेऊन 'जुलनार' ही बोट रात्री वेढा फोडायला निघाली, ती तुर्कांच्या हाती सापडली. अखेर शरणागती.

त्या दिवशी शरण गेलेले सुमारे 13,300 होते. त्यांत लढवय्ये किती? हिंदी शिपाई सात हजारांच्या आसपास, इंग्रज शिपाई अडीच हजारांवर, आणि शिवाय 3,200 हून अधिक 'फॉलोअर' : भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले, भंगी. हे लढले नव्हते, पण उपाशी सारखेच राहिले. पुढे वाळवंटातून पायी कैदेत नेले तेव्हाही बरोबर होते. पुष्कळ हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर लावले, म्हणजे बंदिवासातही मजुरी सुटली नाही. सुमारे 3,000 हिंदी कैदेत मेले किंवा त्यांचा पत्ताच लागला नाही. इंग्रज शिपायांत हे प्रमाण आणखी भयंकर, अडीच हजारांतले 1,700. हे सांगितले पाहिजे. मृत्यूने तरी वर्ण पाहिला नाही.

1917 साली चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. पण त्याआधीच शहाणपण आले होते. 1916 साली बसऱ्याला धक्के बांधले, बोटी आणल्या, आगगाडीचे मार्ग टाकले. त्यासाठी हिंदुस्थानातल्या काही शाखामार्गांचे रूळ उखडून नेले. हे रूळ टाकायला, ओझी उतरवायला माणसे हवी होती. मजूर पलटणी उभ्या झाल्या. त्या पुरेनात तेव्हा शिक्षेत सूट देण्याच्या बोलीने तुरुंगांतून सुमारे 16,000 कैदी नेले. मग जनरल मॉड पुढे सरकला. 11 मार्च 1917 रोजी बगदाद पडले. ऑक्टोबर 1918 च्या अखेरीस शर्कत येथे 114 मराठा पलटणीने एकाच लढाईत 28 शौर्यपदके मिळवली, ती कीर्ती खरीच आहे आणि आम्हालाही तिचा अभिमान वाटतो.

आता मस्टर मांडू. युद्ध संपेपर्यंत हिंदुस्थानातून मेसोपोटेमियात सुमारे 5 लाख 88 हजार माणसे गेली. त्यांतले 2 लाख 93 हजार न लढणारे होते. निम्मी मोहीम बुणग्यांची! आणि यांच्याशिवाय ती काय होते, ते कुटमध्ये दिसलेच होते.

त्यांची नावे कोठे आहेत? बसऱ्याच्या स्मारकावर 40 हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. इंग्रजांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. सद्दाम हुसेनच्या काळात, 1997 साली, ते स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेले. 2021 साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने आपल्याच अहवालात हा भेदभाव कबूल करून माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मस्टर तपासले गेले. साताऱ्याकडे अपशिंग्यासारख्या गावाने आपल्या 46 मृतांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. पण ती शिपायांच्या गावाची. भिस्त्याचे गाव कोणते, हे कोण सांगणार?

एक जागा आहे. युद्धानंतर शिपायांना चांदीचे पदक मिळाले. हिंदी मजूर पलटणींना, चिनी आणि माल्टाच्या मजुरांप्रमाणे, तेच पदक ब्राँझचे दिले. एका बाजूला पाचव्या जॉर्जचे डोके, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नागडा पुरुष. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत घेणाऱ्याचा क्रमांक आणि नाव ठोकलेले असते. चांदीची पदके पुष्कळांनी सोनाराकडे वितळवली. ब्राँझची तांब्यापितळेच्या मोडीत गेली. आपल्यापैकी कोणाच्या घरी, आजीच्या पेटीत किंवा देव्हाऱ्याच्या मागे, असे काळवंडलेले पदक असेल तर ते मोडीत घालू नका. चिंचेने घासा, उजेडात धरा, कडेवरचे नाव वाचा, आणि आम्हाला एक पोस्टकार्ड टाका. आम्ही वही घातली आहे.