दिवेलागणीचा परवचा

पंतोजींच्या शाळेत नाव दाखल होण्यापूर्वीच महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांतून मुलांच्या विद्याभ्यासास आरंभ होई, आणि त्याची वेळ दिवेलागणीची असे. देवापुढे निरांजन लागले, की वडीलधाऱ्यांच्या सान्निध्यात बसून मूल तिथी, वार, नक्षत्रे व पाढे म्हणे. हा परवचा पूर्णांकांपाशी थांबत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी हीही मुखोद्गत करून घेत, कारण ज्या मुलुखात रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे व मणाचे 40 शेर होते, तेथे जमाखर्च, वसूलबाकी आणि बाजारहाट यांत अपूर्णांकांवाचून पान हलत नसे. अर्थबोधाविना केलेल्या या घोकंपट्टीची पुढे सुधारकांनी यथेच्छ निंदा केली, व ती सर्वस्वी अनाठायी नव्हती; तथापि आजीच्या कौतुकात चालणाऱ्या त्या पाठांतरास पंतोजींच्या छडीच्या पंक्तीस बसविणे मला अन्यायाचे वाटते. (मुलींच्या वाट्यास त्यातले बहुधा कानावर पडेल तेवढेच येई.) 1957 साली दशमान पद्धतीची नाणी आली, मागोमाग मेट्रिक वजनमापे आली, आणि औटकीचे प्रयोजनच संपुष्टात आले.