होडीला काच कशी बसली

वर्धा जिल्ह्यात पाण्याखालचं बघायला कोणी होडी बांधली नाही, आणि त्यात काही बिघडलं नाही. काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात धाम नदी गढूळ वाहते. हिवाळ्यात पाणी निवळतं, तरी तलावात डोंगा टाकणाऱ्या ढिवराला मरळ दिसत नाही. जाळ्याच्या दोरीला बसणारा हिसका, चिखलातून वर येणारे बुडबुडे, एवढ्यावरच तो तिचा ठाव घेतो. पाण्याखाली बघायची होडी जन्मली ती नितळ पाण्याच्या गावात, आणि तिचा पहिला धनी हौशी पर्यटक नव्हता. तो पोटासाठी पाण्यात डोकावणारा मच्छीमार होता.

नितळ पाण्यातही अडचण खोलीची नसते, वरच्या थराची असते. वारा सुटला की पृष्ठभागावर बारीक लाटा उठतात. उजेड प्रत्येक लाटेवर वेगळ्या दिशेला वाकतो, शिवाय आभाळाची चकाकी डोळ्यात येते. दोन पुरुष खोलीवर तळ असला तरी दिसत नाही. यावरचा सर्वात जुना इलाज म्हणजे तेल. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की पाणबुडे तोंडात तेल धरून ते पाण्यात फवारतात, त्याने पाणी शांत होतं आणि उजेड खाली पोचतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७७४ साली छापलेल्या लेखात बर्म्युडाच्या मच्छीमारांची हीच युक्ती नोंदवली. भाल्याने मासा मारायचा तर आधी पाण्यावर तेल टाकायचं. लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर त्याने स्वतः प्रयोग केला. जेमतेम चमचाभर तेल टाकलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी गुळगुळीत झालं. खुद्द फ्रँकलिनही चक्रावला.

तेल वाहून जातं, काच टिकते. एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्रात आणि पुढे बहामा-फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर स्पंज काढणाऱ्यांनी बादलीचा तळ कापून तिथे काच बसवली. दृश्य असं : एक माणूस होडी वल्हवतोय. दुसरा काठावरून ओणवा झालाय, चेहरा बादलीत खुपसलाय, बादलीचं काचेचं बूड पाण्यात दाबून धरलंय. हाती लांबलचक काठी, तिच्या टोकाला आकडा. स्पंज दिसला की आकडा घालून उपटायचा. पाठीचं काय होत असेल, ते त्यालाच ठाऊक. पण सपाट काच पाण्याला टेकली की लाटांचा खेळ संपतो, आणि खालची वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावर, म्हणजे जवळच, भासते. माझ्या मते पुढच्या सगळ्या कथेचा मूळपुरुष ही बादलीच. बाकीच्यांनी तिचा आकार वाढवला, एवढंच.

फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यावर १८७०च्या दशकात होडीच्या तळालाच काच बसवली गेली. श्रेय कोणाचं यावर तिथे आजही वाद आहे. हलम जोन्स आणि फिलिप मोरेल ही दोन नावं पुढे येतात. कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटावर १८९०च्या दशकात हा धंदाच झाला. चांगल्या बांधणीत काचेभोवती उभी चौकट असते आणि तिचा काठ पाण्याच्या पातळीच्या वर ठेवतात. काच फुटली तर चौकट भरेल, होडी बुडणार नाही.

वल्ही होतीच, मग इंजिन आलं. शिडाचं मात्र जमेना, कारण शीड आणि तळाची खिडकी यांचं मुळातच वाकडं. वारा भरला की शिडाची होडी एका अंगाला कलते, आणि बघणाऱ्याच्या खिडकीत तळ उरत नाही, तिरकं पाणी येतं. फ्रेंच समुद्रसंशोधक जॅक कुस्तोने १९५०च्या सुमारास आपल्या 'कॅलिप्सो' जहाजाच्या नाकापुढे पाण्याखालची निरीक्षण-खोली जोडली. ते जहाज महायुद्धातलं सुरुंग काढणारं, इंजिनवर चालणारं, त्यामुळे शिडाने कलण्याचा प्रश्नच नव्हता. फ्रेंच वास्तुशिल्पी जॅक रूजरी यांनी पुढे 'अ‍ॅक्वास्पेस' ही पारदर्शक धडाची होडी केली, ती तीन धडांची. तीन धडं रुंद पसरली की होडी सपाट राहते.

ही युक्ती कोकणी माणसाला नवी नाही. मालवणकडच्या होडीला एका बाजूला उलांडी असते : होडीपासून काही हात लांब, आडव्या दांड्यांना बांधलेला लाकडी ओंडका. त्याच्या जोरावर अरुंद होडीही तोल सांभाळते. काच बसवायला याहून सोयीचं लाकूडकाम मिळालं नसतं. पण रापणीचं जाळं ओढणाऱ्याला माशांचा थवा पाण्याच्या रंगावरून, पक्ष्यांवरून कळत होता. खिडकीची गरज कोणाला?

ती गरज पर्यटकांनी आणली. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. आता तिथे नळी तोंडात धरून तरंगणारे आणि टाकी पाठीवर घेऊन बुडी मारणारे, दोन्ही दिसतात. त्यांना नेणाऱ्यांत मच्छीमार घरांतलीही पोरं आहेत. पावसाळ्यात सगळं बंद, आणि दिवाळीनंतर पाणी निवळलं की धंदा परत सुरू. नौदलातून २०२४च्या जानेवारीत निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचं, असा सरकारचा बेत आहे. सोबत प्रवासी पाणबुडीचीही योजना आहे. पोहता न येणाऱ्या, गुडघे धरलेल्या आजीला आजही या सगळ्यात सर्वात परवडणारं साधन काच बसवलेली होडीच आहे, आणि होडीवाल्याला तिच्यासाठी ओहोटी, वारा आणि गाळ पाहूनच वेळ ठरवावी लागते.