मान दुखायची थांबली, पण…

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला, हे आपल्या पोरींनाही पाठ आहे. त्याच साली स्वित्झर्लंडचे सर्जन द केर्व्हेन यांनी थायरॉईडला येणाऱ्या सुजेवर लिहिलं. मानेत पुढे दुखतं, कळ कानापर्यंत जाते, ताप येतो, छाती धडधडते आणि काही आठवड्यांनी बहुतेक जणी बऱ्या होतात.

आमच्या गटातल्या कांड्या भरणाऱ्या एका बाईला हेच झालं. बरी झाली, आम्हीही विसरलो. काही महिन्यांनी तिचे हात कापायला लागले, भाकरी खाऊनही वजन उतरू लागलं, तुटलेला धागा जोडता येईना. घरचे म्हणाले, काळजी करतेस म्हणून होतंय. आम्हीही तेच म्हणालो, हे कबूल केलं पाहिजे.

तिचं शरीर आपल्याच थायरॉईडशी भांडत होतं. हे कोडं सुटायला फार वर्षं लागली. १९१२ साली जपानच्या हाशिमोतो या तरुण डॉक्टरांनी थायरॉईड सुजलेल्या चार बायकांची हकिकत छापली. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ते गावी जाऊन दवाखाना चालवू लागले आणि १९३४ मध्ये विषमज्वराने गेले. १९५६ साली लंडनमध्ये डेबोरा डोनियाक या डॉक्टरबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी हाशिमोतोंच्या आजाराच्या रोग्यांच्या रक्तातलं पाणी थायरॉईडच्या अर्काला लावलं, तर नळीत साका धरला. म्हणजे रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या संशोधकांना थायरॉईडला सारखं हाकणारं द्रव्य रक्तात सापडलं. तीही अँटिबॉडीच, हे पुढे कळलं. आमच्या मैत्रिणीला झालेला ग्रेव्ह्ज आजार तिच्यामुळेच होतो.

सुजेत ग्रंथीच्या पेशी फुटतात, आतला माल रक्तात सांडतो आणि मग थोड्या जणींत शरीर त्यालाच शत्रू धरतं, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. सुजेतली धडधड आपोआप शमते, तिला थायरॉईड दाबणारी गोळी लागत नाही. ग्रेव्ह्जला लागते. वरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून रक्त तपासावं लागतं. मान थांबली तरी काही आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करावी, कारण थायरॉईड मंदही होऊ शकतो.

आमची मैत्रीण आता गोळी घेते. धागा पुन्हा जोडते. पुढची तपासणी आषाढात आहे, त्या दिवशी तिच्या कांड्या आमच्यातली कुणीतरी भरेल.