मुरुडच्या देवळातले वर्तमानपत्र

मुलांना हक्क शिकवले की ती आपल्या बरोबरीच्यांना पुढे नेतील, असे आज शाळा, सरकार आणि संस्था एकसुरात सांगतात. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांची संहिता मंजूर केली, १९९२ साली भारताने ती स्वीकारली आणि पुढे बालसभा, बालपंचायत हे शब्द खेड्यापाड्यांत रुळले. या प्रयोगांचा इतिहास सहसा तिथूनच सांगायला सुरुवात होते. तो दापोली तालुक्यातल्या मुरुडपासूनही सांगता येतो, आणि तसा सांगितला की एक गोष्ट लख्ख दिसते. हक्कांची यादी पाठ करून कोणी पुढारी होत नाही. आधी मुलाच्या हाती मोठ्यांना गरज असलेले काम यावे लागते, आणि मग आपल्या गावात अन्याय कोणावर होतो हे ओळखायची सवय लागावी लागते. मुरुडने यातली पहिली गोष्ट साधली, दुसरी राहून गेली.

धोंडो केशव कर्वे १८५८ साली शेरवली या आजोळच्या गावी जन्मले आणि मुरुडात वाढले. तिथल्या शाळेत त्यांना सोमण मास्तर भेटले. सार्वजनिक कामाची गोडी त्यांनी लावली, असे कर्व्यांनी पुढे कृतज्ञतेने नोंदवले आहे. मास्तरांची रीत साधी होती. गावात वर्तमानपत्र आले की ते शाळकरी मुलाने देवळात जमलेल्या मंडळींना वाचून दाखवायचे. मुलांनी मोठ्यांसमोर गप्प बसावे हा तेव्हाचा शिष्टाचार. इथे मात्र जगाची खबर कळण्यासाठी मोठ्यांनाच मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागे. बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा जो आग्रह आहे, त्याच्या आधीची पायरी ही होती. मुलाचा आवाज ऐकण्याची सवय गावाला आणि चारचौघांत बोलण्याची सवय मुलाला लागत होती. ही सवय वाया गेली नाही. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी कर्वे आणि त्यांचे सोबती सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, तेव्हा वय लहान दिसते म्हणून कर्व्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. अशा नकाराने एखादा खचला असता. ते पुढच्या वर्षी कोल्हापुरात उत्तीर्ण झाले. मुंबईत स्थिरावल्यावर मुरुडकरांकडून वर्गणी जमवून गावासाठी ‘मुरुड फंड’ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

यावर कोणी म्हणेल की ही समाजसेवेची शिकवण झाली, हक्कांची नव्हे. आक्षेप खरा आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द मुरुडनेच दिला. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला. गोदूबाई देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न आणि तीन महिन्यांत वैधव्य, असे त्यांचे बालपण गेले. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या. लग्नानंतर जोडपे मुरुडला आले तेव्हा गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि घरच्यांवरही दडपण आणले. मुलाच्या तोंडून बातम्या ऐकणाऱ्या गावाला एका मुलीवर बालपणीच झालेला अन्याय दिसला नाही. कारण उघड आहे. देवळात वाचणारे मुलगेच होते, तेही बहुधा शिकण्याची परंपरा असलेल्या घरांतले. ज्यांचे हक्क सर्वांत आधी बुडत होते, त्यांना त्या वाचनात श्रोते म्हणूनही जागा नव्हती.

ती जागा मिळाली तर काय घडते, हे दाखवणारे उदाहरण मुरुडच्या आधीचे आणि घाटावरचे आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने तो छापला. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांचे हाल तिने मांडले. दुसऱ्यांच्या बातम्या वाचून दाखवणे वेगळे आणि आपल्या लोकांची बातमी स्वतः लिहिणे वेगळे. मुक्तेने स्वतःपुरते काही मागितले नाही, सगळ्या समाजाच्या वतीने ती बोलली. बरोबरीच्यांचे नेतृत्व म्हणतात ते हेच.

या दोन धाग्यांची गाठ पुढे मुरुडच्याच तालुक्यात जन्मलेल्या एका शिक्षकाच्या कामात दिसते. पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या शाळेत शिकले. १९४१ साली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाची ते प्रेरणा ठरले. तिथल्या शाखांत थोडी मोठी मुले लहानांना शिकवत, मुलगे-मुली एकत्र येत. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. त्याआधीच्या प्रचारदौऱ्यात सेवा दलाचे कलापथक त्यांच्यासोबत होते. मुरुडात देवळात बसून वाचन होत होते. इथे देवळाचे दारच कोणासाठी बंद आहे, हा प्रश्न तरुण पोरे गावोगाव विचारत होती.

अशा शिकवणीने मुले उद्धट होतात, हा जुना आक्षेप आहे. वर उल्लेखिलेल्यांपैकी कोणीही मोठ्यांचा अपमान करून पुढे आले नाही. मोठ्यांना उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न मात्र त्यांनी विचारला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मोठी माणसे आपल्या चळवळींसाठी मुलांना वापरून घेतात. हा धोका खरोखर आहे, आणि म्हणूनच मुलाच्या हाती दिलेले काम त्याला झेपणारे, त्याला समजलेले आणि नाकारता येण्याजोगे असायला हवे. घोषणा देण्यापुरती उभी केलेली मुले आणि गावाची पाणीपट्टी किंवा शाळेचा जमाखर्च वाचून प्रश्न विचारणारी मुले यांत हाच फरक असतो. आजच्या बालसभांना सोमण मास्तरांकडून घेण्यासारखे आहे ते हे की मुलांकडे खरे काम सोपवा; आणि मुरुडच्या १८९३ च्या सभेकडून घेण्यासारखे हे की ते काम सर्वांत आधी त्या मुलांकडे आणि मुलींकडे जाऊ द्या, ज्यांना आजवर कोणी विचारले नाही. यातले एकच साधले तर हुशार वाचक तयार होतील; पुढारी तयार होण्यासाठी दोन्ही लागतात.