चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम (बांगलादेश)

बांगलादेशाच्या किनारपट्टीवरील गावोगावच्या स्वयंसेवकांची यंत्रणा. तेथील सरकार आणि रेड क्रेसेंट संस्था ती मिळून चालवतात. ‘सीपीपी’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते.

12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री मेघनेच्या मुखाजवळच्या भोला बेटावर आणि आसपासच्या गाळाच्या बेटांवर समुद्र चढून आला. तीन ते पाच लाख माणसे दगावली. वादळ येत असल्याचे हवामान खात्याला ठाऊक होते. ते घरोघरी सांगणारे कोणी नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी, देश स्वतंत्र झाल्यावर, 1972-73 मध्ये हा कार्यक्रम उभा राहिला.

ढाक्याहून वायरलेसने निरोप येतो, गावात निशाण चढते. धोका वाढत जाईल तशी एकाची दोन, दोनाची तीन निशाणे होतात. स्वयंसेवक मेगाफोन आणि हाताने फिरवायचा भोंगा घेऊन वस्त्या पालथ्या घालतात. पुढे निवाऱ्याची व्यवस्था, शोध, प्रथमोपचार, मदतवाटप ही कामेही त्यांचीच. मानधन नाही. ओळखीच्या शेजाऱ्याने दार ठोठावले की माणूस उठतो, हे या रचनेचे खरे बळ.

पण ऐकून जायचे कुठे? 29 एप्रिल 1991 च्या वादळात इशारा मिळूनही सुमारे 1 लाख 38 हजार लोक मेले. निवारे अपुरे होते, आणि गुरे सोडून निघायला मन होत नव्हते. 20 ते 44 या वयोगटात स्त्रियांचा मृत्युदर हजारी 71, तर पुरुषांचा 15 होता. नवरा घरी नसताना निघावे कसे, परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढावी कशी, या विचारात पाणी दारात आले. निवाऱ्यांची संख्या पुढे वाढली. स्त्रियांशी बोलायला स्त्रीच हवी हे मात्र सावकाश पटले. 2020 मध्ये नव्या भरतीनंतर प्रत्येक पथकात दहा पुरुष व दहा स्त्रिया असे प्रमाण आले आणि एकूण स्वयंसेवक सुमारे 76 हजार झाले.

2007 च्या सिद्र वादळात सुमारे 3,400 बळी गेले. संख्या लहान नाही, पण 1991 शी ताडून पाहण्याजोगी आहे. कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांतही आता निर्वासितांतूनच स्वयंसेवक तयार केले आहेत. तेथे झोपड्या बांबू-ताडपत्रीच्या, आणि छावणीबाहेर जायला मनाई.